सुट्टी घेतली की चोरी केल्यासारखं का वाटतं? पोळा, गिरणी आणि रविवारची गोष्ट

आजचा भाग कदाचित तुम्ही सुट्टीच्या दिवशी ऐकत असाल. तसं असेल तर फारच छान, कारण आज सुट्टीबद्दलच बोलायचंय. खरं सांगायचं तर सुट्टी घेतल्यावर पोटात जो गोळा येतो ना, त्याबद्दल.

आधी माझीच गोष्ट सांगतो. मी मूळचा यवतमाळ जिल्ह्यातला, नोकरी पुण्यात. मागच्या दिवाळीनंतर चार दिवसांची रजा काढून मित्रांसोबत कोकणात गेलो. रजा रीतसर मंजूर झालेली, काम सहकाऱ्याला समजावून दिलेलं. पहिल्याच संध्याकाळी समुद्रावर बसलो होतो आणि बाबांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलले आणि मग सहज म्हणाले, "कापूस फुटला बाप्पा सारा, वेचाले बायाच भेटून नाही रायल्या." बस, एवढंच. 'तू ये' असं ते म्हणाले नाहीत. पण फोन ठेवला आणि समोरचा समुद्र एकदम परका वाटायला लागला. त्यात रात्री ऑफिसच्या ग्रुपवर एक मेसेज आला आणि मी लगेच उत्तर दिलं. कोणी मागितलं नव्हतं, तरी दिलं. चार दिवसांतले दोन असेच गेले.

घरी आल्यावर विचार केला, ही अपराधी भावना येते कुठून? आपल्या आजोबा-पणजोबांनाही असंच वाटायचं का? म्हणून थोडं मागे जाऊन बघितलं. तेच आज तुम्हाला सांगतो.

आधी शब्द बघू

आपल्याकडे कामावर न जाण्यासाठी किती शब्द आहेत बघा. सुट्टी, रजा, खाडा, नागा, दांडी.

'सुट्टी' आली 'सुटणे' वरून. जुवाखालून बैल सुटतात, तसं. 'रजा' हा अरबी-फारसीतून आलेला शब्द, त्याचा मूळ अर्थ संमती. म्हणजे कोणीतरी वरचा माणूस 'जा' म्हणाला, तर जायचं. 'खाडा' म्हणजे मधेच पडलेला खड्डा, हजेरीतली रिकामी जागा. खाडा झाला की पैसे कापले जाणार. आणि 'दांडी' तर आपण 'मारतो', जणू काही गुन्हाच.

म्हणजे पाचपैकी चार शब्दांत एक तर परवानगी आहे, नाही तर चूक आहे. मोकळं होणं फक्त एकाच शब्दात आहे. आणि तो बैलाशी जाऊन भिडतो! म्हणून आपण बैलापासूनच सुरुवात करू.

ज्या दिवशी सगळं गाव थांबतं

आमच्याकडे श्रावणातल्या अमावास्येला पोळा. विदर्भातल्या मंडळींना वेगळं सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. आदल्या दिवशी खांदशेकणी. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा घट्टे पडून कडक झालेला असतो, त्याला हळद आणि तूप किंवा लोणी लावून चोळायचं. मग बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन द्यायचं. हो, बैलाला आमंत्रण! पोळ्याच्या दिवशी नदीवर अंघोळ, शिंगांना रंग, पाठीवर झूल, अंगावर साज. संध्याकाळी तोरणाखाली सगळ्या गावाच्या जोड्या उभ्या राहतात, झडत्या म्हटल्या जातात, मानाची जोडी पुढे जाते आणि पोळा फुटतो. मग घरोघरी बैलांची पूजा आणि पुरणपोळीचा घास.

आता यातलं महत्त्वाचं काय? त्या दिवशी बैलाला जुंपायचं नाही. कोणीच नाही. पाटलाचा बैल असो की दोन एकरवाल्याचा.

दुसरं म्हणजे त्याची वेळ बघा. पेरणी झालेली असते, डवरणीचा मोठा रेटा बहुतेक ओसरलेला असतो आणि रब्बीची घाई अजून लांब असते. म्हणजे हा विसावा कामाच्या कॅलेंडरमध्ये अगदी हिशोबाने बसवलेला आहे. बैल थकलाय हे गावाने मान्य केलंय, आणि त्याला थांबवायची जबाबदारीही गावाने घेतलीय. त्या दिवशी बैल घरी उभा आहे म्हणून शेतकऱ्याला वाईट वाटत नाही. उलट कोणी जुंपला, तर गाव त्याला नाव ठेवेल.

सगळे एकत्र थांबले की अपराधी वाटत नाही. ही पहिली गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पण बैलामागचा माणूस?

आता थोडी कडू बाजू. बैलाला सुट्टी होती, मग त्याच्या मागे चालणाऱ्या माणसाचं काय?

आमच्या भागात सालदार, म्हणजे सालगडी ठेवायची जुनी पद्धत. गुढीपाडव्याला बोली व्हायची आणि वर्षभराचा सौदा ठरायचा. वर्षभर म्हणजे वर्षभर. आजारी पडला, लग्नाला गेला, तर तो खाडा. पोळ्याच्या दिवशी बैलांना धुणारा, शिंगं रंगवणारा, तोरणाखाली कासरा धरून उभा राहणारा हाच. त्याला मान मिळायचा, नवे कपडे मिळायचे, घरोघरी बैल नेले की बोजारा मिळायचा. सगळं खरं. पण विसावा मिळायचा का? बैलाला मिळायचा तेवढाही नाही.

आणि चुलीपाशी पुरण वाटणारी आई? तिच्यासाठी तर पोळा म्हणजे रोजच्यापेक्षा जास्त काम. तिचा खाडा कोणी मोजत नव्हतं, कारण तिची हजेरीच कुठे लिहिलेली नव्हती.

म्हणून 'जुन्या काळी सगळं छान होतं' असं मी म्हणणार नाही. विसाव्याची कल्पना आपल्याकडे होती. माणसापर्यंत ती पुरती पोचली नव्हती, एवढंच.

वऱ्हाडचा कापूस, मुंबईची गिरणी

आता आपण कापसासोबत मुंबईला जाऊ.

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. त्यांना इथला कापूस हवा होता. १८६० च्या दशकात रेल्वे बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत पोचली. आपला जिल्हा तेव्हा 'वणी जिल्हा' म्हणून ओळखला जायचा, यवतमाळ हे नाव १९०५ मध्ये मिळालं. इथला कापूस बैलगाड्यांनी धामणगाव स्टेशनकडे जायचा आणि तिथून रेल्वेने मुंबईला. म्हणजे ज्या बैलाचा खांदा आपण पोळ्याला शेकतो, त्याच बैलाने मुंबईच्या गिरण्यांच्या वाटेवर कापूस ओढलाय.

आणि त्या गिरण्यांमध्ये काय चाललं होतं? दिवे नव्हते, म्हणून दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत काम. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणजे कामाचे तासही जास्त, चौदापर्यंत. ठरलेला साप्ताहिक सुट्टीचा दिवस नाही. १८८१ मध्ये पहिला फॅक्टरी कायदा आला, पण तो मुख्यतः मुलांसाठी. सात वर्षांखालचं मूल कामावर घ्यायचं नाही, सात ते बारा वयाच्या मुलांना नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही आणि महिन्याला चार सुट्ट्या. मोठ्या माणसांसाठी सुट्टीचं नाव नाही.

इथे येतात नारायण मेघाजी लोखंडे. १८४८ चा जन्म, ठाण्याचे. महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक. काही काळ गिरणीत स्टोअरकीपर होते, म्हणजे आतलं सगळं डोळ्यांनी बघितलेलं. १८८० पासून त्यांनी 'दीनबंधु' हे वर्तमानपत्र मुंबईतून चालवलं. १८८४ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि एक अर्ज तयार झाला. त्यावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या.

मागण्या ऐका. दर रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू आणि सूर्यास्ताला बंद. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार.

आज वाचताना वाटतं, यात मागण्यासारखं काय आहे, हे तर असायलाच हवं! पण यातल्या पहिल्याच मागणीसाठी पुढची जवळपास सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० ला मुंबईत मोठी सभा झाली, सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या. त्या काळात, भर सभेत! शेवटी १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याची सुट्टी आली.

रविवारच का? सरकारी कचेऱ्या रविवारी बंद असायच्या, हे एक. आणि रविवार हा खंडोबाचा वार, असंही कारण सांगितलं जातं.

हेही सांगायला हवं की या कायद्यामागे मँचेस्टरच्या गिरणीमालकांचाही दबाव होता. मुंबईच्या गिरण्या स्वस्तात कापड काढतात हे त्यांना खुपत होतं. म्हणजे सगळ्यांचे हेतू काही निर्मळ नव्हते. पण त्या ५,५०० सह्या मँचेस्टरने केल्या नव्हत्या. त्या आपल्या माणसांनी केल्या होत्या.

लोखंडे १८९७ मध्ये मुंबईतल्या प्लेगच्या साथीत वारले. वय पन्नाशीच्या आत.

सुट्टी मिळाली, पण पगार?

आता एक बारीक गोष्ट. हा रविवार बिनपगारी होता. काम नाही, तर दाम नाही. म्हणजे सुट्टी घेतली की घरातली भाकरी कमी. आता सांगा, अशा माणसाला सुट्टीत अपराधी वाटणार नाही तर काय! आपल्या मनातली ती टोचणी मला वाटतं इथूनच वाहत आलीय. कित्येक पिढ्या सुट्टीचा अर्थ 'कमाई बुडाली' एवढाच होता.

हे चित्र बदलायला वेळ लागला. १९३६ मध्ये फ्रान्समध्ये मोठे संप झाले आणि कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने पगारी रजेचा करार केला. आणि आपल्याकडे? १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं होतं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे. त्या काळात, १९४५ मध्ये, फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती झाली. वर्षभर काम केलेल्या प्रौढ कामगाराला दहा दिवस पगारी रजा. घरी बसला तरी पगार चालू!

पण ही तरतूद बारमाही कारखान्यांसाठी होती. आणि आपल्या भागातले कारखाने कोणते? जिनिंग-प्रेसिंग. ते हंगामी. म्हणजे कापूस पिकवणारा बाहेर, वेचणारी बाहेर आणि सरकी काढणाराही बाहेर.

आज महाराष्ट्रात २०१७ चा दुकाने आणि आस्थापना कायदा आहे. ठरावीक संख्येपेक्षा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी आठवड्याला एक सुट्टी, वर्षाला आठ किरकोळ रजा, सणांच्या आठ पगारी सुट्ट्या, शिवाय केलेल्या कामाच्या दिवसांवर मिळणारी रजा, जी ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. तुम्ही मोबाइलवर 'अप्लाय लीव्ह' दाबता ना, त्या एका बटणामागे हे सगळं आहे.

मग टोचणीचं काय करायचं?

मला यातून दोन गोष्टी कळल्या.

पहिली, ऑफिसची टोचणी. पोळ्याला वाईट वाटत नाही कारण सगळे थांबतात. आपण एकटे थांबतो, बाकीचे पळत असतात, म्हणून वाटतं. त्यावर उपाय रजा न घेणं हा नाही. काम नीट सोपवून जायचं, आणि सहकारी रजेवर गेला की त्याला फोन करायचा नाही. आपण त्याचा खांदा शेकायचा, तो आपला. आणि मंजूर झालेली रजा म्हणजे कोणाचे उपकार नाहीत, ती आपल्या पगाराइतकीच आपली.

दुसरी, घरची टोचणी. ही अवघड आहे. बाबांना रविवार नाही, पगारी रजा नाही. शेतात खाडा पडला तर कापूस झाडावरच भिजतो. त्यांच्यासाठी लोखंड्यांसारखा अर्ज अजून कोणी लिहिलेला नाही. पण मी समुद्रावर तोंड पाडून बसलो म्हणून त्यांची एक ओळही वेचून झाली नाही. मला टोचत होतं ते माझ्या सुट्टीमुळे नव्हतंच मुळी. त्यांना ती मिळत नाही, हे टोचत होतं.

म्हणून यंदा वेगळं केलं. वेचणी संपल्यावर आई-बाबांना तीन दिवस चिखलदऱ्याला नेलं. बाबा आधी 'नाही' म्हणाले, मग 'बैलाचं कोण पाहीन?' म्हणाले. शेजारच्या काकांनी बैल सांभाळले आणि त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या कामाला मी जायचं, असं ठरलं. पहिल्या दिवशी बाबांनी काकांना चार फोन केले. बैलानं पाणी पिलं का, कडबा टाकला का. मला हसू आलं, कारण कोकणात मीही हेच करत होतो. दुसऱ्या दिवशी दोन फोन. तिसऱ्या दिवशी सकाळी आई उठली, कोणीतरी हातात आणून दिलेला चहा प्यायली आणि म्हणाली, "अजून एक दिवस राहता येते का रे?"

राहिलो. मी रजा एका दिवसाने वाढवली.

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरात शेवटची सुट्टी कोणी आणि कधी घेतली होती, हे आज घरी विचारा आणि आम्हाला व्हॉइस नोट करून पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!