सणाला नेसायचं की घालायचं?

मराठीत कपड्यांसाठी एक क्रियापद पुरत नाही. धोतर आणि लुगडं नेसायचं, सदरा घालायचा, शेला पांघरायचा, पागोटं बांधायचं. दागिन्यांसाठी 'लेणं' हा शब्द होता, तो आता ओव्यांत आणि उखाण्यांतच उरला आहे. या क्रियापदांमध्ये कपड्यांची एक जुनी वर्गवारी दडलेली आहे. नेसायचं ते अखंड वस्त्र, घालायचं ते कातरून शिवलेलं. दिवाळीच्या खरेदीत घरोघरी 'रात्री सगळे जेवायला जमणार, तर काय घालू?' असा प्रश्न निघतो. शंभर वर्षांपूर्वीच्या पुण्या-नाशकातल्या एखाद्या ब्राह्मण घरात तो या शब्दांत विचारताच आला नसता. सणाच्या पंगतीला काहीही 'घालून' बसता येत नव्हतं.

मुळात सणाचं जेवण रात्रीचं नव्हतंच. ते दुपारचं, नैवेद्य झाल्यावरचं. दिवसभर सुट्टी काढून संध्याकाळी सगळ्यांनी चांगले कपडे करून एकत्र जेवणं ही कचेरीच्या वेळापत्रकाची आणि विजेच्या दिव्यांची देणगी आहे. नैवेद्याच्या आधी पूजा, पूजेच्या आधी स्वयंपाक, आणि या सगळ्यासाठी सोवळं. त्यामुळे जेवणाचा पोशाख जेवणाऱ्याच्या आवडीने ठरत नसे. तो देवघर आणि चूल मिळून ठरवत.

सोवळ्याचं वस्त्र दोन तऱ्हांनी मिळवता येई. सुती धोतर किंवा लुगडं असेल, तर ते धुऊन उंच वलणीवर काठीनेच वाळत घालायचं, कुणाचा हात लागू द्यायचा नाही, आणि स्नान करून थेट नेसायचं. मधे कुणी शिवलं की संपलं. दुसरी तऱ्हा रेशमाची किंवा लोकरीची. मुकटा, कद आणि पीतांबर हे रेशमी, तर धाबळी लोकरीची. यांना सुतासारखा चटकन विटाळ होत नाही अशी समजूत असल्याने ती रोज धुवावी लागत नसत. सोय म्हणून पाहिलं तर ही मोठीच सोय होती. पण तिचा वास घरभर असे. कित्येक महिने न धुतलेला, तुपाचे, घामाचे आणि हळदीचे डाग मुरलेला मुकटा शुद्ध, आणि आत्ताच परटाकडून आलेला पांढराशुभ्र सदरा ओवळा. कारण तो शिवलेला आणि परक्याने धुतलेला. कचेरीत कोट-पगडीत रुबाबाने वावरणारा गृहस्थ घरी आला की ते सगळं खुंटीला लावायचा आणि उघड्या अंगाने, कमरेला मुकटा गुंडाळून पाटावर बसायचा.

या व्यवस्थेचा खरा कस भाद्रपदात लागे. गौरी-गणपतीत पाऊस उघडीप देत नाही. सुती सोवळं वाळत नाही. मग ओलेत्याने स्वयंपाक करायचा, नाहीतर धाबळी नेसून धगीसमोर बसायचं. एकीकडे अंगाला चिकटलेलं गार लुगडं, दुसरीकडे टोचणारी लोकर. सोळा भाज्या आणि पुरणपोळ्या त्यातच होत. पंगतीतल्या पुरुषांनाही मुकटा सावरावा लागेच. रेशीम निसरडं, कमरेला करगोटा सोडला तर आधार नाही, आणि आग्रह सुरू झाला की गाठ सैल करायची वेळ येते. पण धाबळी आणि मुकटा यांत कोणाला काय वाट्याला आलं ते उघड आहे. आपल्याकडे सोवळ्यावर विनोद पुष्कळ झाले. ते बहुतेक पंगतीत बसणाऱ्यांनी केलेले आहेत. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त आपल्या वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाचं चित्र काढलं आहे. वाचताना हसू येतं आणि काही पानांनी जाणवतं की त्या वेडाचं पाणी घरातल्या बायकांनीच भरलं होतं.

पवित्र मानलेलं हे रेशीम यायचं कुठून, हाही एक गमतीचा भाग. येवल्याचे पीतांबर आणि पैठण्या एकोणिसाव्या शतकात दूरवर प्रसिद्ध होत्या. कच्चं रेशीम चीन आणि बंगालहून मुंबईमार्गे येई. कोष्टी, साळी, खत्री आणि मोमीन कारागीर त्यावर काम करत. ज्यांच्या हाताचं पाणी चाललं नसतं, त्यांच्या हाताने विणलेला पीतांबर नेसून नैवेद्य दाखवला जाई. आणि रेशमाचा अखंड धागा मिळवायचा तर कोश आतल्या किड्यासकट उकळावा लागतो. कांदा-लसूण वर्ज्य असलेल्या पंगतीने हा तपशील कधी फार मनावर घेतल्याचं दिसत नाही.

सोवळं म्हणजे सगळा महाराष्ट्र नव्हे, हे सांगायला हवं. कारण मराठीतल्या बऱ्याच आठवणी एकाच थरातून लिहिल्या गेल्यामुळे तसा भास होतो. शेतकऱ्याच्या घरी वर्षाचा मोठा सण पोळ्याचा. त्या दिवशी झूल, शिंगांना रंग, गळ्यात घुंगरमाळा असा पहिला साज बैलाचा. धन्याचं धोतर आणि मुंडासं त्यानंतर, जमलं तर. पुरणपोळीचा पहिला घासही बैलालाच. खानदानी मराठा घरांत प्रश्न सोवळ्याचा नव्हता, पदराचा होता. डोक्यावरून पदर ढळू न देता वाढायचं, आणि पुरुष उठल्यावर जेवायचं.

जेवणाच्या पोशाखाबद्दल मराठी इतिहासातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रसंग घरगुती नाही. मार्च १८८८ मध्ये पुण्यात हरी रावजी चिपळूणकरांनी ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ मेजवानी दिली. जोतीराव फुले त्यांचे स्नेही, त्यांनाही बोलावणं होतं. जडजवाहीर आणि भरजरी वस्त्रांत आलेल्या पाहुण्यांत जोतीराव शेतकऱ्याच्या वेषात, खांद्यावर घोंगडी घेऊन आले. दारावर त्यांना अडवलं गेलं, यजमानांनी आत आणलं. मग ते बोलायला उभे राहिले. या दागिन्यांत मढलेल्या लोकांवरून देशाची परीक्षा करू नका, खरी प्रजा खेड्यात आहे, हा त्यांच्या बोलण्याचा आशय. जोतीराव स्वतः कंत्राटदारीही केलेले, चांगले कपडे करू शकणारे गृहस्थ होते. त्या दिवशीचं त्यांचं घोंगडं ही निवड होती, नाइलाज नव्हता. समारंभाला साजेसे कपडे म्हणजे काय, हे आधी समारंभ कोणाचा आहे ते ठरवून मग पाहावं लागतं, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं.

चाळीस वर्षांनी, डिसेंबर १९२७ मध्ये, महाडला डॉ. आंबेडकरांनी दलित स्त्रियांसमोर भाषण केलं. त्यात साडी कशी नेसायची हा मुद्दा होता. गुडघ्यापर्यंत आखूड नेसणं आणि अंगभर जड दागिने ही जात ओळखू यावी म्हणून लादलेली खूण आहे, ती टाका आणि पायघोळ नेसा, असं त्यांनी सांगितलं. परिषदेतल्या बायकांनी तिथल्या तिथे नेसणं बदललं. कापड तेच, निऱ्यांची उंची तेवढी वेगळी. आज 'स्टाइल' हा शब्द आपण जितक्या हलक्या हाताने वापरतो, तितका तो त्या मांडवात हलका नव्हता. लगेच त्यानंतर रत्नागिरीत आणि इतरत्र सहभोजनं सुरू झाली. तिथे सर्व जाती एका पंगतीत बसायच्या म्हणजे सोवळ्याची वस्त्रं आपोआपच रद्द झाली. सदरा घालून जेवणं हीच तिथे भूमिका होती.

माझ्या आजीच्या ट्रंकेत एक मुकटा होता, विटकरी रंगाचा, घडीवर चिरलेला. तो आजोबांचा. त्याच खोलीत खुंटीवर आत्याआजीचं आलवण असे. आत्याआजी म्हणजे आजोबांची बहीण, लहानपणीच विधवा झालेली. मी तिला साठच्या दशकात पाहिलं, तेव्हा केशवपनाची चाल बहुतेक घरांतून गेलेली होती. धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न करून सत्तर वर्षं उलटली होती. पण तिचं लाल आलवण सुटलं नव्हतं. दिवाळीत घरात सगळ्यांना नवं कापड यायचं, तिलाही यायचं, ते पुन्हा आलवणच. अनारसे तिच्या हातचे, पुरण तिचं, आणि जेवायला ती शेवटी, स्वयंपाकघरात, पाट न घेता. आम्हा मुलांना त्यात काही वावगं दिसत नव्हतं, इतकं ते रोजचं होतं. सणाच्या जेवणाला काय नेसायचं हा प्रश्न जिला आयुष्यात एकदाही पडू दिला गेला नाही, अशी बाई प्रत्येक जुन्या घराच्या आठवणीत एक तरी असते. फोटोत मात्र सहसा नसते.

लुगड्याचं पाचवारी पातळ होणं हे या इतिहासातलं मधलं वळण. नऊवारी म्हणजे जवळजवळ सव्वाआठ मीटर कापड. काष्टा घातला की मांडी घालून बसता येतं, वाकता येतं, पाट्यावर वाटता येतं, शेतात लावणी करता येते. परकर लागत नाही. जमिनीवर जेवायचं आणि वाढायचं असेल तर या वस्त्राइतकं सोयीचं दुसरं काही नाही, असं मी आजही म्हणेन. पाचवारी गोल नेसायची, तिला परकर लागतो, आणि ती उभं राहण्यासाठी, चालण्यासाठी, खुर्चीवर बसण्यासाठी बरी. ही पद्धत घडण्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. १८६० च्या दशकात सत्येंद्रनाथ टागोरांच्या पत्नी ज्ञानदानंदिनीदेवी मुंबईत राहिल्या, पारशी बायकांचं नेसणं पाहून त्यांनी साडी, परकर आणि पोलकं यांची आपली पद्धत बसवली आणि ती बंगालात नेली. महाराष्ट्रात गोल पातळ शाळा-कॉलेजांत जाणाऱ्या मुलींनी आधी स्वीकारलं. पूजेला मात्र काष्टाच हवा, असं घरातल्या मोठ्या बायका बजावत राहिल्या. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून, कापडावर नियंत्रण आलं, तेव्हा नऊ वार आणि पाच वार यांतला फरक खिशालाही कळू लागला.

पुढचं काम फर्निचरने केलं. स्वातंत्र्यानंतर ब्लॉकमध्ये ओटा आला, मग गॅस, मग जेवणाचं टेबल. चूल जमिनीवरून कंबरेच्या उंचीला आली आणि ताट पाटावरून टेबलावर. बसण्याची जागा बदलली की कपडे बदलतातच. काष्ट्याचा मोठा गुण मांडी घालून बसण्यात होता, तोच अनावश्यक झाला. पुरुषांनी मुकटा देवघरात ठेवला आणि झब्बा-लेंगा घालून जेवायला बसू लागले. नायलॉन आणि टेरिकॉटच्या साड्या आल्या तेव्हा त्या न चुरगळण्याचं आणि पटकन वाळण्याचं केवढं कौतुक झालं! ओलेत्याने रांधलेल्या बायकांच्या सुनांना ते कौतुक वाटणं अगदी योग्यच होतं. हातमागाची चळवळ चालवणाऱ्यांनी नायलॉनला नाकं मुरडली, तेव्हा भाद्रपदातल्या वलणीची आठवण त्यांना नसावी.

स्वयंपाकाचा पोशाख आणि जेवणाचा पोशाख वेगळा असणं ही त्यानंतरची गोष्ट. सोवळ्यात दोन्ही एकच होतं. आता सकाळपासून गाऊनमध्ये राबणारी घरातली बाई पाहुणे यायच्या वीस मिनिटं आधी आत जाते आणि सिल्कची साडी नेसून बाहेर येते. ती वीस मिनिटं तिला मिळतात की नाहीत यावर त्या घराची बरीच परीक्षा करता येईल. ज्या घरांत स्वयंपाकाला बाई येतात, तिथे हा ताण त्यांच्याकडे सरकला आहे. त्यांच्या स्वतःच्या घरचा लक्ष्मीपूजनाचा स्वयंपाक दोन-तीन घरं आटोपल्यावर सुरू होतो.

आणि आता शिवलेली नऊवारी. दादरला किंवा लक्ष्मी रोडला गेलात तर ती ढिगाने दिसेल. निऱ्या आधीच शिवून पक्क्या केलेल्या, कमरेला इलॅस्टिक किंवा नाडी, काष्टा जागच्या जागी, कधी कधी खिसासुद्धा. सलवारीसारखी पायात चढवायची, दोन मिनिटांत तयार. पुरुषांसाठी शिवलेलं धोतर आणि रेडीमेड सोवळंही मिळतं, त्यालाही इलॅस्टिक. ज्या वस्त्राची सगळी मातब्बरी न शिवलेलं असण्यात होती, ते शिवून विकलं जातं आणि नेसून गुरुजीही पूजा सांगतात, यात मला अजिबात ऱ्हास दिसत नाही. इलॅस्टिकने धर्म बुडत असता तर तो ओलेत्याने आधीच बुडायला हवा होता. माझी तक्रार असलीच तर कापडाबद्दल आहे. यातलं बरंचसं पॉलिएस्टर असतं, आणि ऑक्टोबर हीटमध्ये ते धाबळीची आठवण करून देतं. सुती किंवा सेमी-सिल्क शोधून घ्यावं, ब्लाउजला मुंढ्यात मोकळीक ठेवायला सांगावं, आणि टेबलाशी बसायचं असेल तर काष्ट्याची शिवण आधी बसून पाहावी.

राहता राहिला क्रियापदाचा प्रश्न. शिवलेली नऊवारी नेसतात की घालतात? मुली सर्रास 'घालते' म्हणतात, आणि व्याकरणदृष्ट्या त्यांचंच बरोबर आहे. आयांना ते खटकतं. दुकानदारांनी मात्र दोन्ही टाळलं आहे. पाटीवर ते एवढंच लिहितात: 'नऊवारी शिवून मिळेल'.