वुट्झ पोलादाचा चाकू आणि धारेच्या टिकाऊपणाची कसोटी

जुन्या दप्तरांचे संग्राहक बोरू, दौत व रुमाल यांची निगा राखतात. परंतु बोरू ज्यानें तासला जाई त्या चाकूकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. वस्तुतः अक्षराचें वळण बोरूच्या टोंकावर आणि टोंकाचा काप चाकूच्या धारेवर अवलंबून असे. बोरू ही तृणजातीची काडी असल्यामुळें तिच्या सालींत सिलिकेचा, म्हणजे वाळूच्या जातीच्या द्रव्याचा, अंश असतो आणि तो धार लौकर झिजवितो. यूरोपांत हेंच काम पिसाची लेखणी तासणाऱ्या व खिशांत बाळगावयाच्या लहान चाकूकडे होतें. अशाच एका चाकूचा दाखला देऊन १७९५ सालीं हिंदुस्थानी पोलादाची योग्यता लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें मांडण्यांत आली. तो दाखला नेमका काय सांगतो, आणि पोलाद एकच असतां एका चाकूची धार टिकते व दुसऱ्याची टिकत नाहीं हें कशामुळें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

१. मूळ दाखला

मुंबईस कंपनीच्या नोकरींत असलेले डॉ. हेलेनस स्कॉट यांनीं ‘वुट्झ’ नांवाच्या पोलादाचे नमुने सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांजकडे धाडिले. सोबतच्या पत्रांत हें पोलाद फार कठीण होतें, बंदुकीच्या चापांतील चकमक आदळणाऱ्या भागासाठीं, तसेंच छिन्न्या, कानशी व करवती यांसाठीं तें उपयोगांत आणितात, पण अगदीं मंद लालीहून अधिक उष्णता त्यास सोसत नसल्यामुळें लोहारास फार कष्ट पडतात, अशा आशयाचा मजकूर होता. या नमुन्यांवरून डॉ. जॉर्ज पीअर्सन यांनीं केलेल्या प्रयोगांचा निबंध ता. ११ जून १७९५ रोजीं सोसायटींत वाचला गेला.

निबंधाच्या मथळ्यांत हें पोलाद मुंबईस तयार होतें असें म्हटलें आहे. तें अक्षरशः घेतां येत नाहीं. मुंबई हें माल रवाना होण्याचें बंदर. पोलाद होई तें म्हैसूर, सेलम व तेलंगण या भागांत. आणि ‘वुट्झ’ हा शब्दही कानडी-तेलुगु ‘उक्कु’ या शब्दाचा अपभ्रंश असावा असें सामान्यतः मानितात. फ्रान्सिस बुकानन यानें १८००-०१ सालच्या प्रवासांत म्हैसूर प्रांतांतील कृति पाहिली. मातीच्या मुशींत लोखंडाचा तुकडा, तरवडाचें लाकूड व कांहीं हिरवीं पानें घालून तोंड बंद करीत आणि भात्यानें प्रखर आंच देत, असें तिचें स्वरूप आहे. लाकडांतील कर्ब लोखंडांत शिरून त्याचें पोलाद होई. तेलंगणांतील कोनासमुद्रम् येथें इस्फहानचा व्यापारी हें पोलाद खरेदी करण्यास आला असल्याचें व्हॉइझीच्या १८३२ सालीं प्रसिद्ध झालेल्या टिपणांत आहे. मुंबईच्या पत्रांतील माल नक्की कोणत्या मुशीचा, हा प्रश्न त्यामुळें मथळ्यावरून सुटत नाहीं.

२. दाखल्याचा अर्थ

अध्यक्षांच्या इच्छेवरून जेम्स स्टोडार्ट या लंडनच्या कारागिरानें वुट्झचा एक लहान चाकू घडविला. लाली केवळ अंधारांतच दिसावी इतक्याच उष्णतेवर त्यानें तें पोलाद ठोकलें. पीअर्सनच्या निबंधांत या चाकूसंबंधीं दोन विधानें आहेत व तीं वेगळीं ठेवणें अवश्य आहे. पहिलें विधान अनुभवाचें: धार उत्तम पोलादाच्या चाकूइतकीच बारीक झाली आणि त्याच्या बरोबरीनें चालली. दुसरें विधान मताचें: पुष्कळ कामांस हें पोलाद इंग्लंडांत वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही पोलादाहून सरस ठरेल आणि धार अधिक बारीक, मजबूत व टिकाऊ राहील, असें स्टोडार्टला वाटलें.

प्रत्यक्ष अनुभव बरोबरीचा आहे. श्रेष्ठत्व आहे तें अनुमानांत. पुढें स्टोडार्टनें आपल्या दुकानाच्या जाहिरातपत्रावर, अनेक वर्षें तुलना करून आपण वुट्झ पसंत केलें, असें छापिलें. तो कसबी व प्रामाणिक कारागीर होता याबद्दल शंका नाहीं. पण जाहिरातपत्र हें विक्रेत्याचें साधन आहे. त्यांत तुलना कशी केली, काय कापलें, किती वेळ कापलें, यांचा उल्लेख नाहीं. बखरींतील विधान आणि समकालीन पत्रांतील विधान आपण एकाच तराजूंत घालीत नाहीं. तीच शिस्त येथेंही लाविली पाहिजे.

३. एक नांव, अनेक द्रव्यें

वुट्झ म्हणजे एकजिनसी पदार्थ ही समजूतही टिकत नाहीं. डेव्हिड मशेट यानें बँक्सकडून मिळालेल्या पांच वड्या तपासून आपला निबंध १८०५ सालीं प्रसिद्ध केला. त्या पांचही वड्यांचा पोत सारखा नव्हता. मात्र इंग्रजी ओतीव पोलादाहून वुट्झमध्यें कर्ब अधिक आहे असा निष्कर्ष त्यानें काढिला. एकाच बांधणींतून आलेल्या पांच वड्यांत जर भेद, तर एकाच नांवाच्या दोन चाकूंत तो असणें स्वाभाविक आहे.

त्याहून महत्त्वाचें कारण पाणी देण्यांत आहे. तापवून एकदम थंड केलेलें पोलाद अतिशय कठीण पण ठिसूळ होतें. नंतर त्यास पुनः सौम्य उष्णता देऊन ठिसूळपणा कमी करितात. त्या वेळीं पृष्ठभागावर गवती पिवळ्यापासून निळ्यापर्यंत रंग चढत जातात, व रंगावरूनच लोहार अंदाज बांधीत. मायकेल फॅरडे व स्टोडार्ट यांनीं १८२२ सालच्या निबंधांत नमूद केलें आहे कीं, उत्तम इंग्रजी ओतीव पोलादापेक्षां वुट्झला या दुसऱ्या तापवणीत फॅरनहाइटचे ४० अंश अधिक उष्णता द्यावी लागते. आणि उष्णतामापक हेंच या कामीं एक बिनचूक साधन होय.

या एका वाक्याचें महत्त्व फार आहे. दोन्ही पोलादें सारख्याच उष्णतेस उतरविलीं, तर वुट्झचा चाकू अधिक कठीण राहील व त्याची धार अधिक टिकेल. पण तो विजय पोलादाच्या जातीचा कीं केवळ पाण्याच्या कडकपणाचा, हें सांगतां येणार नाहीं. उलट हात चुकून वुट्झ अधिक तापलें, तर तेंच पोलाद हिणकस म्हणून गणलें जाईल. काठिण्य अंकांत सांगण्याचीं साधनें तर पुष्कळ उशिरां आलीं. रॉकवेल यांच्या यंत्राच्या पेटंटासाठीं अर्ज झाला तो १९१४ सालीं. तत्पूर्वीच्या तुलनांत काठिण्याचा अंक मिळण्याची आशाच नको.

४. अर्वाचीन परीक्षा

व्हर्होव्हन, पेन्ड्री व क्लार्क यांनीं २००८ सालीं या वादावर प्रकाश पाडणारी परीक्षा प्रसिद्ध केली. शेफील्ड येथील संशोधनसंस्थेच्या यंत्रांत पातें ठराविक भारानें पुठ्ठ्याच्या गड्डीवर मागेंपुढें फिरतें व किती खोल काप गेला तें मोजलें जातें. पुठ्ठ्यांत शेंकडा ५ सिलिका मिसळलेली असते. बोरूची साल जें काम सावकाश करी, तेंच येथें मोजून मापून केलें जातें. वुट्झच्या जातीचें नव्यानें बनविलेलें पोलाद व इतर तीन पोलादें यांचीं पातीं निरनिराळ्या काठिण्याचीं करून तपासलीं. रॉकवेल मापानें सुमारें ४१ काठिण्य असतां वुट्झनें इतरांस मागें टाकलें. काठिण्य सुमारें ६१ केलें तेव्हां तो अग्रमान उरला नाहीं. वस्तऱ्याच्या पात्यांत वापरलें जाणारें न गंजणारें पोलाद पुढें गेलें.

याची उपपत्ति अशी. वुट्झमध्यें लोह व कर्ब यांच्या संयोगाचे अतिकठीण कण विखुरलेले असतात. भोंवतालचें पोलाद मऊ असतां हे कण झीज रोखून धरितात. सर्वच पोलाद कठीण केलें म्हणजे त्यांचें वैशिष्ट्य कमी जाणवतें. तात्पर्य, वुट्झची कीर्ति खोटी नव्हे, परंतु ती निरपेक्षही नव्हे. पुरेसें कठीण पाणी न दिलेल्या पात्यांच्या काळांत ती सार्थ होती. आमच्या देशाच्या पोलादाचा अभिमान धरणाऱ्यांनीं एवढी मर्यादा मान्य केली, तर त्यांचें म्हणणें दुबळें न होतां पुराव्यावर उभें राहील.

५. संग्राहकांस विनंति

यावरून धारेविषयींचा कोणताही जुना उल्लेख तपासतांना चार प्रश्न विचारावे: पात्याचें काठिण्य सारखें होतें काय, धार सारख्याच कोनांत लाविली होती काय, कापलेला पदार्थ एकच होता काय, आणि निवाडा मोजून केला कीं हाताच्या अनुभवानें. या चारांचें उत्तर नसेल, तर तो उल्लेख कारागिराचें मत म्हणून जपावा, तुलनेचा पुरावा म्हणून नव्हे.

दुसरें असें कीं, अनेक घराण्यांत दप्तराच्या पेटींत कलमतराश अजून सांपडतात व ते हातीं येतांच निसण्यावर घासून चकचकीत करण्याचा मोह होतो. एका घासण्यानें धारेचा मूळ कोन नाहींसा होतो. आणि गंज काढण्यासाठीं वा वांकलेलें पातें सरळ करण्यासाठीं तें विस्तवांत धरिलें, तर कारागिरानें दिलेलें पाणी उतरतें व पुनः कधींही कळून येत नाहीं. चाकूचा पुरावा त्याच्या धारेंत व पाण्यांतच असतो. म्हणून असा चाकू मिळाल्यास तो न घासतां, न तापवितां कोरड्या जागीं ठेवावा. लांबी, वजन, मूठ व धारेची स्थिति यांची नोंद करावी. आणि तो कोणत्या दप्तराबरोबर सांपडला हें त्याच कागदावर लिहून ठेवावें. दप्तरापासून एकदां वेगळा झालेला चाकू केवळ लोखंडाचा तुकडा उरतो.