कायदा आणि कणगी

रत्नागिरीहून हातखंब्यावरून येणारा रस्ता पालीला पोहोचला की त्याला दोन फाटे फुटतात. एक लांजा-राजापूर करीत गोव्याकडे जातो. दुसरा नाणीज, साखरपा मागे टाकून आंबा घाट चढतो आणि कोल्हापूर गाठतो. या तिठ्यावर उभे राहून सभोवार पाहिले तर तांबडी माती, जांभ्याचे सडे, उतारावरची आंब्याची कलमे आणि सखल भागातील भातखाचरे नजरेस पडतात. पाहणाऱ्यास वाटते, येथील गरिबी मातीतच असावी; कातळावर पिकणार तरी काय? आम्हांलाही पुष्कळ दिवस असेच वाटत होते. परंतु या जिल्ह्याच्या जमिनीचा इतिहास पाहू लागलो तेव्हा ध्यानी आले की माती थोडे देते हे खरे. पण त्या थोड्यातले घरात किती राहील, हे मातीने नव्हे, कायद्याने ठरविले.

रत्नागिरी जिल्ह्यातील बहुसंख्य गावे खोती होती. खोत हा मुळात गावाचा सारा वसूल करून सरकारात भरणारा मक्तेदार. पिढ्या लोटल्या, मक्त्याचे वतन झाले, आणि सरकार व कसणारा यांच्यामध्ये एक कायमचा धनी उभा राहिला. इंग्रज सरकारने १८८० साली खोतीचा कायदा करून या व्यवस्थेस रीतसर रूप दिले. कुळांचे काही हक्क त्यात नोंदले गेले, हे नाकारता येणार नाही. परंतु खोताचा वाटाही कायद्याच्या आधाराने पक्का झाला. भातशेतीत बहुधा निम्मा वाटा, त्यास अर्धेल म्हणत. डोंगरउताराच्या वरकस जमिनीत तिसरा, त्यास तिर्धेल. उभ्या पिकाचा अंदाज करायचा तो खोताच्या माणसांनी. या अंदाजाला अभावणी म्हणत, आणि पुढे पावसाने पीक झोपविले तरी अंदाज कागदावर उभाच राही.

याचा अर्थ चुलीपाशी काय होत असे, ते एका कल्पित हिशेबाने पाहू. समजा, एका कुळाने दहा मण भात झोडले. पाच मण खोताचे. उरलेल्या पाचांतून पुढच्या पेरणीचे बियाणे बाजूला काढायचे. मागल्या पावसाळ्यात उसने आणलेले धान्य दिढीने, म्हणजे मणाला दीड मण, फेडायचे. मग कणगीत राहणार किती? म्हणूनच भात पिकविणाऱ्याच्या ताटात भात सणासुदीला आणि एरवी नाचणीची भाकरी किंवा आंबील, अशी रीत पडली. त्या नाचणीचाही तिसरा भाग गेलेलाच असे. शिवाय पेरणी-लावणीच्या ऐन दिवसांत खोताच्या शेतावर वेठ. स्वतःचे खाचर खोळंबले तर त्याची भरपाई कोणत्याच हिशेबात नव्हती.

बाजारात तांदूळ स्वस्त की महाग, हा प्रश्न अशा घराला फार उशिरा शिवतो. ज्याचे धान्य बाजाराआधीच उचलले जाते, त्याची महागाई अंगणातल्या खळ्यावरच सुरू होते. ती भागविण्यासाठी घरातला एक पुरुष मुंबईच्या गिरणीत किंवा गोदीत गेला. त्याची मनीऑर्डर म्हणजे वरकड मिळकत नव्हे. खळ्यावरून गेलेल्या अर्ध्या वाट्याची ती परतफेड होती. ती करण्यासाठी एक माणूस आयुष्यभर चाळीतल्या खोलीत झोपला आणि त्याची बायको एकटीने शेत सांभाळीत राहिली.

याविरुद्ध आवाज उठला नाही असे नाही. शेजारच्या कुलाबा जिल्ह्यात चरी येथील शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून जवळजवळ सहा वर्षे संप केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर मोर्चाने गेले. ते विधेयक संमत झाले नाही. खोती उठली ती स्वातंत्र्यानंतर. १९४९ च्या कायद्याने, १५ मे १९५० पासून. पुढे कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि कसणारे कूळ जमिनीचे खरेदीदार मानले गेले. विधेयकापासून मुक्ततेपर्यंत तेरा वर्षे गेली. तेरा सुगींचा अर्धा वाटा म्हणजे काय, हे ज्याने कणगीचा तळ पाहिला त्यालाच कळेल.

वाटा थांबला, पण जमिनीचे तुकडे लहानच राहिले. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना राज्यभर नेली. तिचा कायदा १९७७ साली झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. तिच्या खर्चासाठी नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला. म्हणजे मुंबईतल्या कोकणी चाकरमान्याचाही त्यात हातभार होता. तथापि खडी फोडणे, पाझर तलाव खणणे ही तिची कामे मुख्यतः घाटावर रुजली. कोकणाला तिचा खरा स्पर्श झाला तो १९९० साली फळबाग लागवड तिला जोडली गेली तेव्हा. आपल्याच वरकस जमिनीत खड्डे खणायचे, आंबा-काजूची कलमे लावायची, आणि अनुदान तीन वर्षांत हप्त्याहप्त्याने मिळवायचे. ज्या उतारांवर एकेकाळी तिर्धेलीची नाचणी होती, तेथे आज कलमे दिसतात.

येथेच इतिहासाचा धागा पुन्हा हाती येतो. फळबागेच्या अर्जास सातबारा लागतो. ज्यांचे नाव १९५० व १९५७ च्या कायद्यांनी सातबारावर चढले, त्यांनाच १९९० ची योजना उपयोगी पडली. ज्याच्या आजोबाची वहिवाट कागदावर आलीच नाही, तो खड्डे खणायला मजुरीने गेला. बाग दुसऱ्याची झाली. ज्यांचे नाव आहे पण उतारा सामाईक, तेथे मुंबई-पुण्यात पांगलेल्या भाऊबंदांच्या संमतीवाचून पाऊल पुढे पडत नाही. शिवाय हापूसचे कलम फळ द्यायला पाच-सहा वर्षे घेते. इतकी वर्षे थांबणे ज्याला परवडते, तो मुळात अगदी गरीब नसतो.

आज कणगीची जागा बऱ्याच अंशी रेशन दुकानाने घेतली आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबाला माणशी पाच किलो धान्याचा हक्क दिला. तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये किलो. जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य मिळू लागले. ज्या जिल्ह्यात धान्य घराबाहेर नेण्यासाठी कायदा होता, तेथे धान्य घरात आणण्यासाठी कायदा झाला, हे लहान स्थित्यंतर नव्हे. परंतु येथेही प्रश्न तोच, नोंदीचा. नाव यादीत असेल तर पोते भरते. नसेल तर बाजारभाव.

म्हणून आम्हांस वाटते की एखाद्या योजनेची थोरवी तिच्या रकमेवरून जोखू नये. तिची नोंदवही उघडावी आणि पाहावे, कोणाचे नाव आहे, कोणाचे राहिले. पालीच्या तिठ्यावरून रस्ता गोव्याला जातो, कोल्हापूरला जातो. मुंबईला तर पिढ्यान्‌पिढ्या गेलाच. सरकारी कागदावर नाव नसलेल्या घरापर्यंत जाणारी वाट मात्र अजून पुरती झालेली नाही.