लाकडी सांध्यांचे उच्च-वारंवारता तापन

लाकडी सांध्यांचे उच्च-वारंवारता तापन ही सरस लावलेल्या सांध्यावर रेडिओ वारंवारतेचे विद्युत क्षेत्र लावून सरस लवकर घट्ट करण्याची औद्योगिक पद्धत आहे. एरवी कित्येक तास शिकंज्यात आवळून ठेवावा लागणारा सांधा या पद्धतीने काही सेकंदांत किंवा मिनिटांत हाताळण्याजोगा होतो. उष्णता बाहेरून आत पोहोचविण्याऐवजी ती सरसाच्या थरातच निर्माण करणे, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य होय.

तत्त्व

सरस घट्ट होण्याची क्रिया तापमानाबरोबर वेग घेते. स्थूलमानाने दर १० अंश सेल्सियस वाढीमागे रासायनिक अभिक्रियेचा वेग सुमारे दुप्पट होतो. परंतु लाकूड उष्णतेचे मंदवाहक आहे. तापविलेल्या प्रेसची उष्णता जाड फळीच्या गाभ्यापर्यंत पोहोचण्यास बराच वेळ लागतो आणि तोवर पृष्ठभाग वाळून तडकण्याचा धोका असतो.

उच्च-वारंवारता तापनात जोडकाम धातूच्या दोन पट्ट्यांमध्ये, म्हणजे इलेक्ट्रोडांमध्ये ठेवतात. त्यांच्यामधील विद्युत क्षेत्राची दिशा सेकंदाला कोट्यवधी वेळा बदलते. सरसातील पाण्याचे ध्रुवीय रेणू या बदलत्या क्षेत्राबरोबर फिरू पाहतात आणि विरघळलेल्या क्षारांचे आयन मागेपुढे सरकतात. या हालचालींतून उष्णता उत्पन्न होते. कोरड्या लाकडापेक्षा ओला सरस कितीतरी अधिक ऊर्जा शोषून घेतो. उष्णतेचे प्रमाण वारंवारतेच्या समप्रमाणात, तर क्षेत्राच्या तीव्रतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. औद्योगिक वापरासाठी राखून ठेवलेल्या १३.५६, २७.१२ व ४०.६८ मेगाहर्ट्झ या वारंवारता यासाठी प्रचलित आहेत.

क्षेत्राची दिशा

क्षेत्र सरसाच्या थराला समांतर असल्यास ऊर्जेचा मोठा वाटा थरातच खर्च होतो आणि लाकूड तुलनेने थंड राहते. फळ्यांच्या कडा जोडून रुंद तक्ता करताना हीच मांडणी सोयीची ठरते. क्षेत्र थराला लंब असल्यास लाकूड व सरस दोन्ही तापतात. वेळ व वीज अधिक लागते. तथापि पातळ पापुद्र्यांची वक्र बैठक किंवा पाठ साच्यात जोडताना बहुधा हाच मार्ग उरतो. दोन्ही इलेक्ट्रोड एकाच बाजूस ठेवून त्यांच्या बाहेर पसरणाऱ्या क्षेत्राने तापविणे, हा तिसरा प्रकार होय.

वेळेचा हिशेब

समांतर मांडणीत १ किलोवॉट शक्तीने मिनिटाला सुमारे ६५० चौरस सेंटिमीटर सरस-थर घट्ट होतो, असा कारखान्यांतील ठोकताळा आहे. उदाहरणार्थ, १ मीटर लांब व २ सेंटिमीटर जाड फळ्यांच्या १० सांध्यांचे क्षेत्रफळ २,००० चौरस सेंटिमीटर होते. ५ किलोवॉटच्या यंत्राला त्यासाठी सुमारे ४० सेकंद पुरतात. सरसाचा प्रकार व लाकडातील ओलावा यांनुसार हा काळ बदलतो.

सरसाची निवड

यूरिया-फॉर्माल्डिहाइड व मेलामाइनयुक्त सरस उष्णतेने रासायनिकदृष्ट्या पक्व होत असल्याने या पद्धतीस विशेष अनुकूल आहेत. पांढरा पॉलिव्हिनाइल ॲसिटेट सरस मुख्यतः पाणी निघून गेल्याने घट्ट होतो. तापविल्याने हे पाणी लाकडात लवकर मुरते. क्षारांचे प्रमाण फार असलेल्या सरसातून मात्र विद्युत प्रवाह वाहून ठिणग्या उडतात आणि सांधा करपतो.

इतिहास

दुसऱ्या महायुद्धात लाकडी विमानांच्या बांधणीमुळे या तंत्राला चालना मिळाली. २५ नोव्हेंबर १९४० रोजी प्रथम उडालेल्या डी हॅविलंड मॉस्किटो या ब्रिटिश विमानाचा सांगाडा बर्चचे प्लायवुड व बाल्सा लाकूड यांचा होता. त्याच्या निर्मितीत सरस लवकर पक्व करण्यासाठी रेडिओ वारंवारतेचा उपयोग करण्यात आला. युद्धानंतर हे तंत्र फर्निचर, दारे-खिडक्या व थर जोडून केलेल्या तुळया यांच्या उद्योगांत रुजले.

मर्यादा

उष्णता सरसाला वेग देते, सांध्यातील दोष झाकत नाही. फळ्यांच्या कडा नीट रंधलेल्या नसतील किंवा दाब अपुरा असेल, तर सांधा तितक्याच वेगाने कच्चा राहतो. लाकडातील ओलावा सामान्यतः ८ ते १२ टक्के असावा लागतो. अधिक ओले लाकूड स्वतःच ऊर्जा शोषते. आत वाफ कोंडून थर फुटू शकतात. प्रेसमधून काढलेला सांधा हाताळण्याजोगा असला, तरी पूर्ण मजबुती त्यानंतर काही तासांनी येते. तोवर त्यावर रंधाई किंवा भार टाकणे टाळतात.

सुरक्षितता

इलेक्ट्रोडांना स्पर्श झाल्यास खोलवर भाजते. त्यामुळे यंत्राभोवती धातूचे आवरण असते आणि दार उघडताच वीज खंडित होण्याची सोय केलेली असते. हे आवरण रेडिओ संदेशवहनातील व्यत्ययही रोखते. लाकडात राहिलेला खिळा ठिणगी व आगीस कारण ठरू शकतो. हृदयात पेसमेकर बसविलेल्या व्यक्तींनी अशा यंत्रापासून दूर राहणे आवश्यक असते.