घरांतला इतिहास

राष्ट्राचा इतिहास ग्रंथांत असतो. पण त्याचा अभिमान किंवा लाज माणूस बहुधा घरांतच शिकतो. परक्यांच्या कृत्यांचा न्याय करणें सोपें असतें. जेथें आजोबांचें नांव मध्यें येतें, तेथें न्यायाचा कांटा हलूं लागतो. बेल्जियम आणि कांगो यांच्या इतिहासांत याचें ठळक उदाहरण सांपडतें.

कांगो हा प्रदेश १८८५ सालीं राजा दुसरा लिओपोल्ड याची खासगी मालमत्ता झाला. रबराच्या लोभापायीं प्रजेवर झालेले अत्याचार जगजाहीर झाल्यावर १९०८ सालीं तो बेल्जियन सरकारकडे गेला व १९६० सालीं स्वतंत्र झाला. या काळांत तेथें राहून परतलेले अधिकारी, खाणवाले, मिशनरी यांच्या घरीं छायाचित्रें आणि आठवणी उरल्या. नातवंडांना आठवतात ते प्रेमळ आजोबा. राजसत्तेवरील आरोप त्यांना आजोबांवरील आरोप वाटला, तर नवल नाहीं.

एका घरांत मात्र निराळीच वस्तु होती. स्वतंत्र कांगोचे पहिले पंतप्रधान पात्रिस लुमुंबा यांचा १७ जानेवारी १९६१ रोजीं कटांगांत वध झाला. त्यांचें शव आम्लांत विरघळवून नाहींसें करण्यांत भाग घेणाऱ्या बेल्जियन पोलीस अधिकाऱ्यानें एक दांत जवळ ठेवला. २०१६ सालीं तो त्याच्या कुटुंबाकडून जप्त झाला. लुमुंबांची कन्या ज्युलियाना यांनीं २०२० सालीं राजाला पत्र लिहून तो परत मागितला. २० जून २०२२ रोजीं ब्रुसेल्स येथें तो लुमुंबांच्या मुलांच्या स्वाधीन करण्यांत आला. एका घरास तो बापाच्या मागें राहिलेली वस्तु होता. दुसऱ्या घरास तेवढाच बाप उरला होता.

त्या प्रसंगीं बेल्जियमच्या पंतप्रधानांनीं नैतिक जबाबदारी मान्य करून क्षमा मागितली. परंतु त्याच वर्षीं डिसेंबरांत, सबंध वसाहतकाळाचा विचार करणाऱ्या संसदीय समितीचें काम क्षमायाचनेच्या प्रश्नावर एकमत न होतां संपलें. भरपाई द्यावी लागेल ही भीति त्यामागें होतीच. तरी आम्हांस वाटतें, एका वधाची क्षमा मागतां येते, कारण तेथें अपराधी थोडे असतात. साऱ्या काळाची मागूं जातां हजारों घरांतील तसबिरी आड येतात.

नातवानें आजोबांचा द्वेष करावा, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु माया हा निर्दोषपणाचा पुरावा नव्हे. आजोबा प्रेमळ होते, आणि ज्या सत्तेची त्यांनीं चाकरी केली ती अन्यायी होती, हीं दोन्ही वाक्यें एकाच घरांत बोलतां आलीं पाहिजेत.