त्रिंकोमालीचे सागवान

१८१७ हे साल पुणेकर सहसा विसरत नाहीत. १९ ऑक्टोबरला दुसऱ्या बाजीरावाने पुण्यातला आपला शेवटचा दसरा साजरा केला, ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली आणि १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर परके निशाण चढले. परंतु त्या दसऱ्याच्या बरोबर आठवडाभर आधी, १२ ऑक्टोबरला, मुंबईच्या गोदीतून एक जहाज पाण्यात उतरले, त्याची आठवण आपल्याकडे फारशी कोणी काढीत नाही. पेशवाई बुडाली, ते जहाज मात्र अजून तरंगते आहे!

त्याचे नाव ‘त्रिंकोमाली’. तीन डोलकाठ्यांची ही चपळ लढाऊ फ्रिगेट जमशेटजी बमनजी वाडिया यांनी बांधली. चहाच्या शर्यतींमुळे जगभर गाजलेले ‘कटी सार्क’ हे क्लिपर जहाज १८६९ सालचे. म्हणजे आमची त्रिंकोमाली तिच्याहून ५२ वर्षांनी थोरली.

तिच्या जन्माची कथाही मोठी गमतीची आहे. विलायतेत ओकचा तुटवडा पडला, म्हणून आरमाराने १८१२ साली हे काम मुंबईकडे सोपविले. नकाशे ‘जावा’ या जहाजातून निघाले. पण ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ‘जावा’ जिंकले, आणि नकाशे गेले. दुसरी प्रत मुंबईस पोचली १८१४ साली. तोवर जमशेटजी दुसऱ्या मोठ्या जहाजात गुंतलेले. अखेर १८१६ च्या एप्रिलात कणा बसला, आणि पारशी रिवाजाप्रमाणे त्यात चांदीचा कोरीव खिळा ठोकला गेला. लाकूड सारे मलबारी सागवान. ओकमधील आम्लाने लोखंडी खिळे गंजतात. सागातील तेल उलट त्यांचे रक्षण करते.

पुढे नशिबाचे फेरे आले. १८९७ साली ती मोडीत निघणार होती. त्याच वर्षी नेल्सनचे जुने ‘फूद्रॉयां’ वादळात फुटले, तेव्हा त्याच्या मालकाने त्रिंकोमाली घेऊन तिला तेच नाव दिले. परक्या नावाने तिने १९८६ पर्यंत मुलांना दर्यावर्दीपणाचे धडे दिले. १९९२ साली तिला स्वतःचे नाव परत मिळाले. २००१ साली डागडुजी पुरी झाली. आज ती इंग्लंडात हार्टलपूल येथे उभी आहे, आणि तिचे निम्म्याहून अधिक लाकूड मूळचेच आहे.

हे सारे वाचल्यावर तिची एक प्रतिकृती घरी करावी असे मनाने घेतले. प्रमाण धरले एक इंचाला आठ फूट. दीडशे फुटांचे जहाज त्या मापाने पावणेएकोणीस इंचांत बसते. सागवानी जहाज सागवानातूनच करावे, म्हणून भवानी पेठेतल्या लाकूडबाजारात गेलो. तिथल्या म्हाताऱ्या सुतारमिस्त्रींनी माप ऐकले आणि मान हलविली.

“साग नको, काका. जहाज लहान होईल, सागाची रेघ लहान व्हायची नाही.”

खरेच होते. माझ्या मापात केसाएवढी रेघ बोटाएवढ्या दोरासारखी दिसली असती! त्यांनी मऊ, बारीक पोताचे शिवण दिले. नाळ, डोलकाठ्या, तोफांच्या खिडक्या, सारे त्यात नीट उतरले. आकार हुबेहूब आला. पण ज्या गुणामुळे मूळ जहाज दोनशे वर्षे टिकले, तो गुण काही प्रतिकृतीत आला नाही. नमुना आपल्याला रूप दाखवितो. टिकाऊपण मूळ वस्तूतच राहते. म्हणून ती मूळ वस्तूच जपावी लागते.

मिस्त्रींच्या दुकानात मागच्या भिंतीशी तुळयांची एक रास होती. कुठल्या तरी पाडलेल्या वाड्याच्या त्या तुळया. मी एकीवरची धूळ पुसली. आत सागाचा सोनेरी रंग तसाच होता. “हिचे काय करणार?” मी विचारले.

“चिरून फळ्या,” मिस्त्री म्हणाले, “अजून शंभर वर्षे हलायची नाही ती.”