पंचवीस मिनिटं, हलायचं नाही

ठणकणारी दाढ जिभेने चाचपत तुम्ही डोळे मिटता, आणि उघडता ते जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमध्ये. जानेवारी १८९६. राँटगेन यांनी नव्या किरणांचा शोध जाहीर केला त्याला जेमतेम दोन आठवडे झालेत. समोर दंतवैद्य ओटो वाल्कहोफ उभे आहेत, हातात फोटोची साधी काच. ती काळ्या कागदात गुंडाळलेली, वरून लाळ लागू नये म्हणून रबराचं पातळ वेष्टन. तिची कड हिरडीला रुतणार हे तुम्हाला बघताक्षणी कळतं. आणि ती काच ते स्वतःच्याच तोंडात सरकवतात, दाढांच्या आतल्या बाजूला.

रसायनशास्त्रज्ञ गीझेल वीज सुरू करतात. तडतड आवाज, काचेच्या नळीत हिरवट उजेड. घड्याळ बघून ठेवा. २५ मिनिटं लागणार आहेत.

तेवढ्या वेळात काय घडतंय ते पाहा. किरण गालातून सहज पार होतात. दातावरचं एनॅमल, शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ, त्यांना अडवतं. किरण पोहोचतात तिथे काच काळी पडते, अडतात तिथे फिकट राहते. म्हणून दात पांढरा, त्याच्या पोटातली नसेची पोकळी काळसर, कीड लागून पोखरलेली जागाही काळसर. ही सारी सावलीच आहे. संध्याकाळी तुळशीवृंदावनाची सावली अंगणभर लांबते, दुपारी पायथ्याशी गोळा होते. किरणांचा कोन चुकला तर दाताचं मूळही असंच नसतं तेवढं लांब किंवा आखूड दिसतं. यावरचा नियम दंतवैद्य चेशिन्स्की १९०७ मध्ये मांडतील: दात आणि फिल्म यांच्यामधला कोन मनातल्या मनात दुभागायचा आणि त्या दुभाजकावर किरण काटकोनात सोडायचे. या खोलीत तो अजून कुणालाच ठाऊक नाही.

वाल्कहोफ हलत नाहीत. हलले तर सावली पुसट होईल. पुढे ते या अनुभवाला छळ म्हणतील आणि चित्र पाहून झालेला आनंदही सांगतील. कुणा रुग्णाला पुढे न करता त्यांनी आधी आपलं तोंड उघडलं, हे मला त्या अंधुक चित्राहूनही मोलाचं वाटतं.

पण नळीपाशी उभ्या असलेल्या गीझेल यांच्याकडे बघा. मध्ये शिशाचा पत्रा नाही, भिंत नाही. १९२७ मध्ये ते कर्करोगाने जातील.

पुन्हा डोळे मिटा. आता तुम्ही अमेरिकेत, न्यू ऑर्लिन्सला, एडमंड केल्स यांच्या खुर्चीत आहात. तेही १८९६ पासूनच दातांचे एक्स-रे काढू लागलेत. नळी ठीक जुळली का हे पाहायला ते आपलाच हात किरणांत धरतात आणि पडद्यावर हाडं स्वच्छ दिसेपर्यंत तसाच ठेवतात. तुमच्यासाठी धरला, तुमच्या मागच्यासाठीही धरतील. त्या हाताला काहीही दुखत नाही. घात आहे तो इथेच. आधी बोटं काढावी लागतील, मग पंजा, मग अख्खा हात. वेदना सोसून सोसून १९२८ मध्ये ते आपलं आयुष्य संपवतील.

डोळे उघडा. तुमच्या गावातला दवाखाना. दाढेमागे छोटा सेन्सर, गालाशी यंत्राचं तोंड. ‘हलू नका हं,’ म्हणत डॉक्टर खोलीबाहेर जातात. एरवी हे तुमच्या ध्यानातही आलं नसतं. सेकंदाचाही एक तुकडा, बारीकशी ‘टिक’, आणि ते परत आत.

पडद्यावर तुमची दाढ आहे. मुळाच्या टोकाशी एक काळी, गोल जागा; तिथलं हाड झिजलंय. डॉक्टर तिच्यावर बोट ठेवतात आणि समजावू लागतात. तुम्ही त्या बोटाकडेच बघत राहता.